तारखेच्या रकान्यात

१२ जून २०२५, गुरुवार

प्ले स्टोअरला बारा माणसं हवी आहेत. वैयक्तिक खात्यावरून नवं ॲप सगळ्यांसाठी खुलं करायचं तर आधी किमान बारा परीक्षक सलग चौदा दिवस चाचणीत सामील असावे लागतात. पूर्वी वीस लागायचे, गेल्या डिसेंबरात बारावर आले. दादा म्हणाला, बारा काय, खालच्या चहाच्या गाड्यावर मिळतील. माणसं मिळाली, पण त्यांचे जीमेलचे पत्ते मिळेनात. फोन चालू करून दिला दुकानदारानं, पत्ता तयार केला त्यानंच आणि पासवर्डही त्याच्याच वहीत. मंडपवाल्या मामांचा पत्ता शेवटी त्यांच्या नातवानं सेटिंगमध्ये शिरून शोधला. तो मामांच्या नावाचा नव्हताच, मोबाइलच्या दुकानाच्या नावाचा होता.

आम्ही चौघं. कोल्हापुरात राजारामपुरीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली झेरॉक्सचं दुकान. दादा सर्व्हर बघतो. वयानं मोठा, म्हणून सगळ्यांचाच दादा. धाकटा अँड्रॉइडचं लिहितो. गडहिंग्लजची एक मुलगी पडदे आखते, म्हणजे बटण कुठे, अक्षर केवढं, रंग कोणता. उरलेलं सगळं माझ्याकडे: तपासणं, लोकांचे फोन घेणं, स्टोअरवरचा मजकूर लिहिणं आणि भाडं वेळेवर जातंय ना ते पाहणं.

यादी कशीबशी पुरी झाली. मंडपवाले मामा, माझ्या जावा, उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीचे सुपरवायझर आणि त्यांचा स्टोअरकीपर, एका सीएच्या ऑफिसातली आर्टिकलशिपची मुलं, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका, कुंभार गल्लीतल्या एका मूर्तिकाराची मुलगी. सॉफ्टवेअरशी संबंध असलेला एकही नाही. धाकट्याला याची काळजी वाटते, मला बरं वाटतं.

१९ जून, गुरुवार

आठवण वाजली नाही, अशी तक्रार एकापाठोपाठ एक.

कामाच्या यादीचं ॲप म्हटलं की लोकांना वाटतं, यात करायचंय काय, चार ओळी आणि एक खूण. यादी खरंच सोपी आहे. अवघड आहे ते सांगितलेल्या वेळी वाजणं. अँड्रॉइड ६ आलं २०१५ मध्ये, तेव्हापासून फोन पडून राहिला की झोपतो आणि ॲपनाही झोपवतो, बॅटरी वाचवायला. अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवायलाच परवानगी मागावी लागते. अगदी ठरल्या मिनिटाला गजर लावायची परवानगी वेगळी, आणि १४ पासून नव्यानं घेतलेल्या ॲपला ती मुळात बंदच असते. फोन बंद करून चालू केला की लावलेले सगळे गजर पुसले जातात, ते आपण पुन्हा लावायचे. यावर काही कंपन्या स्वतःची बॅटरी-बचत चढवतात, ती कुठल्या पडद्याच्या पोटात लपवलेली असते ते त्या त्या फोनलाच ठाऊक.

म्हणून आमचं ॲप उघडल्या उघडल्या परवानग्या मागत सुटतं. मामा म्हणाले, “हे ॲप हाय का मुलीकडची माणसं? इचारतंय ते इचारतंयच.”

गडहिंग्लजच्या मुलीनं ते मनावर घेतलं. आता पहिल्यांदा आठवण लावाल तेव्हाच गजराची परवानगी मागितली जाईल, आणि का मागतोय ते एका ओळीत.

२६ जून, गुरुवार

शाहू जयंती. दसरा चौकाकडून ढोल ऐकू येतायत, झेरॉक्सचं दुकान बंद. आमचे चौदा दिवस आज पुरे झाले, म्हणून मी सुट्टीच्या दिवशी अर्ज भरत बसले. परीक्षक कसे गोळा केले, त्यांनी काय सांगितलं, त्यावरून तुम्ही काय बदललं, असं सगळं विचारतात. मामांचं वाक्य जसंच्या तसं टाकायचा मोह झाला. सभ्य भाषेत लिहिलं.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशीला ॲप खुलं झालं. मुहूर्ताचा हट्ट दादाचा. एरवी हा माणूस देवळात जात नाही, पण सर्व्हरवर काही नवं चढवायचं असलं की याला वार लागतो.

कौतुकाचे मेसेज आले, बहुतेक नातेवाइकांचे. सेक्रेटरी काकांचा फोन मात्र कामाचा होता.

“असली ॲप ढिगानं आहेत ना? माझा मुलगा पुण्यात ते टूडूइस्ट वापरतो.”

मी म्हटलं, “आहेत काका. टूडूइस्ट २००७ पासूनचं, ट्रेलो २०११ चं. आपलं मराठीत आहे, दोघांतिघांत काम वाटून घेता येतं, नेट नसलं तरी चालतं.”

“माझ्याकडे कालनिर्णय आहे. तेही मराठीत आहे, घरातले सगळे बघतात, आणि नेट नसलं तरी चालतं.”

काका बँकेतून निवृत्त झालेत, असे हिशेब त्यांना जमतात. आमची खरी स्पर्धा बर्लिन-न्यूयॉर्कशी नाहीच. ती स्वयंपाकघरातल्या खिळ्याशी आहे. १९७३ पासून तिथं ते लटकलंय: दूध कधी आलं नाही, गॅस कधी लावला, मोलकरीण कधी आली नाही, सगळं त्या चौकोनांत. परवानगी मागत नाही, बॅटरी खात नाही. दुसरा स्पर्धक म्हणजे व्हॉट्सॲपवर स्वतःच स्वतःला पाठवलेले मेसेज.

काकांनी पुढचा प्रश्न टाकला: “तुम्ही दुकान बंद केलंत तर माझ्या याद्यांचं काय?” रास्त आहे. वुंडरलिस्ट हे बर्लिनचं ॲप लोक अक्षरशः जीव लावून वापरत. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते विकत घेतलं आणि ६ मे २०२० ला बंद केलं. चांगलं चाललेलं ॲपही जातं. काकांना सांगितलं, सगळी यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये बाहेर काढायची सोय देतो. ती पहिल्याच अपडेटमध्ये जावी असं माझं म्हणणं. धाकट्याला त्याआधी गडद रंगाची थीम हवी आहे.

१५ जुलै, मंगळवार

गंगावेशीतल्या कुंभार गल्लीत दुपार घालवली. मूर्तिकाराच्या मुलीनं फोनवर सांगितलं होतं की ॲप ‘येड्यासारखं करतंय’. बघितलं तर ॲप नीट होतं. तिनं प्रत्येक मूर्तीचं प्रत्येक काम घातलं होतं आणि जवळजवळ सगळ्या कामांना एकच तारीख दिली होती, २६ ऑगस्ट. म्हणजे चतुर्थीच्या आदला दिवस.

“मधल्या तारखा का नाही घातल्यास?”

तिच्याऐवजी वडील बोलले. त्यांचे हात कोपरापर्यंत मातीत होते. “मधली तारीख कोण सांगणार? वाळली की सफेदा. सफेदा वाळला की अंगाचा रंग. मग धोतर, शेला, दागिने. आखणी शेवटी.” आखणी म्हणजे डोळे. ती ते स्वतः करतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

शाडूची मूर्ती पावसात किती दिवसांत वाळेल हे कुणीच सांगू शकत नाही. हवेत ओल असते. पंखे लावले, हॅलोजन लावले तर वरून वाळते, आतून ओली राहते आणि तडा जातो. रांगेतली पहिली मूर्ती दहाव्या मूर्तीनंतर तयार होऊ शकते, कारण ती भिंतीच्या ओल्या बाजूला होती. मूर्तीच्या पाठीला हात लावून ते सांगतात, ही उद्या, ही अजून नाही.

मुलीनं तोडगा काढला होता. कामाच्या नावातच लिहायचं: ‘वाळली की सफेदा, शिंदे गल्ली मंडळ’. आणि ॲप तारीख मागतंच म्हणून ३१ डिसेंबर ठोकायची. ३१ डिसेंबरला गणपती घडवणारं एकमेव घर असेल हे.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो अडकला होता. त्यात ताडपत्रीखाली उभ्या मूर्त्या, रंग न लावलेल्या. दुसऱ्या गावच्या रंगाऱ्याकडे निघाल्या असाव्यात. त्यांच्या कामाला तरी तारीख असेल का, कुणास ठाऊक.

२४ जुलै, गुरुवार

परीक्षकांना विचारून त्यांच्या याद्या वाचल्या. तारखेच्या रकान्यात काय लिहिलंय त्यापेक्षा कामाच्या नावात काय लिहिलंय ते वाचत गेले. ‘पगार झाला की पडदे’. ‘पाऊस उघडला की गच्चीचं वॉटरप्रूफिंग’. ‘वहिनी माहेराहून आल्या की कपाट’. ‘पेमेंट आलं की पत्रे’ (हे मामांचं). ‘साहेबांची सही झाली की’. ‘लाईट आली की’. अशा कामांना लोकांनी तारीख दिली होती ती पडद्यावर पहिली दिसणारी, म्हणजे त्या दिवसाची. उजाडताच ती सगळी थकीत. ॲप उघडलं की वर लाल गोलात आकडा.

त्यावरून आज खोलीत चांगलीच जुंपली.

गडहिंग्लजच्या मुलीचं म्हणणं, लाल आकडा माणसाला परत आणतो, म्हणून तर सगळे लावतात. माझं म्हणणं, लाल आकडा बघून माणूस काम करत नाही, ॲप बंद करतो. माझ्या धाकट्या जावेनं तर ते काढूनच टाकलं. म्हणाली, सासूबाईंच्या जागी हे बसलंय. (सासूबाई माझ्याही त्याच, त्यामुळे मी यावर काही बोलले नाही.)

दादानं डेव्हिड ॲलनचं नाव काढलं. त्याच्या ‘गेटिंग थिंग्ज डन’ या २००१ च्या पुस्तकात दुसऱ्यावर अडकलेल्या कामांची वेगळी यादी ठेवायला सांगितलंय, तशी एक करू. पण ती यादी म्हणजे दुसऱ्यांनी आपल्याला काय द्यायचंय ते. इथं मूर्तिकाराला कुणी काही देणं लागत नाही. त्याचं स्वतःचंच काम सुरू व्हायला काहीतरी आधी व्हायला हवंय. ट्रेलोसारख्या ॲपमधले रकाने ज्या कानबानवरून आले, ते तायइची ओनोनं टोयोटात बसवलं तेव्हा त्यातला मुद्दा नेमका हा होता. पुढच्या माणसाला माल लागला की त्याची चिठ्ठी मागे येते आणि मगच मागचा हात हलवतो. घड्याळ बघून कुणी माल ढकलायचा नाही. ॲपवाल्यांनी चिठ्ठ्या घेतल्या, रकाने घेतले, आणि प्रत्येक चिठ्ठीवर पुन्हा तारीख चिकटवली.

रात्री उशिरा ठरलं. तारखेच्या शेजारी दुसरा रकाना: ‘कशानंतर?’ तिथं हवं ते लिहायचं. एका अटीला कितीही कामं टांगता येतील. अट पुरी झाली की कुणीतरी तिच्यावर खूण करायची, मग टांगलेली कामं वर येतील. तोवर ती थकीत नाहीत, लाल नाहीत, कुठेच नाहीत.

“अट पुरी झाली हे तपासणार कोण?” दादा.

“हात लावून बघणारा.”

दादाला दुसरी भीती आहे: लोक अटीतही गोल फिरतील. हे झालं की ते, आणि ते झालं की हे. सरकारी कामात असं रोज होतं, पण ॲप त्यात अडकून बसेल. तशी साखळी जुळताना दिसली की वाटेतच अडवायची. ते तो लिहिणार.

४ ऑगस्ट, सोमवार

लाल आकडा गेला. धाकट्यानं गडद थीमही सोबत चढवली, मला न विचारता. फाइल बाहेर काढायची सोय पुढच्या खेपेला.

११ ऑगस्ट, सोमवार

उद्या अंगारकी. मदतीच्या नंबरवर सकाळपासून एकच मागणी, वेगवेगळ्या तोंडांनी: दर संकष्टीला आठवण का लावता येत नाही?

दर सोमवारी, दर महिन्याच्या पाचला, दर तीन महिन्यांनी, हे सगळं आमच्याकडे आहे. पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांचे नियम कसे लिहायचे याचा जगभर चालणारा एक मसुदा आहे, आयकॅलेंडरचा, २००९ चा. त्यात ‘दर महिन्याच्या ३१ तारखेला’ असं काम लावलं तर ज्या महिन्यात ३१ नाही तो महिना सरळ वगळला जातो. घरभाडं त्या नियमानं भरलं तर मालक दारात येईल, म्हणून आम्ही ३० वर, फेब्रुवारीत २८ वर आणतो. पण त्या मसुद्याच्या मूळ नियमांत चंद्र नाही.

धाकट्याला वाटलं गणित अवघड असेल. गणित अवघड नाही. सूर्य-चंद्रातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी झाली. ती कधी एकोणीस-वीस तासांत संपते, कधी सव्वीस तास चालते. म्हणून एखादी तिथी सूर्योदयाला सापडतच नाही, एखादी दोन सूर्योदयांना असते. इतपत आजचा कुठलाही फोन क्षणात काढेल. अडतं ते निर्णयाशी. एरवी तिथी सूर्योदयाची धरतात, संकष्टीला चंद्रोदयाची, आणि चंद्रोदय कोल्हापूरचा वेगळा, नागपूरचा वेगळा. गेल्या वर्षी उत्तरेत बऱ्याच ठिकाणी लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला झालं, आपल्याकडे १ नोव्हेंबरला. यंदाही तिकडे २० ऑक्टोबर, इकडे २१. दोघांचंही आकाश एकच. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, म्हणजे वटपौर्णिमेची आठवण अधिकात वाजली तर घरोघरच्या बायका आम्हाला फोन करतील.

दादा म्हणाला, आपण पंचांगकर्ते नाही. बरोबर आहे. ठरलं ते असं: ॲप तिथी सुचवेल, पक्की करणार वापरणारा. संकष्टीच्या आधी दोन दिवस विचारेल, ‘मंगळवारीच ना?’ घरातलं पंचांग बघून माणूस हो म्हणेल.

मामांना हे पटलं. मुहूर्ताची लग्नं त्यांच्याकडे असतात, तारीख भटजी देतात, आणि भटजींचीही कधी कधी बदलते.

२५ ऑगस्ट, सोमवार

अनंत चतुर्दशीपर्यंत नवं काही चढवायचं नाही. मूर्तिकाराची मुलगी फोन उचलत नाही. उचलू नयेच.

९ सप्टेंबर, मंगळवार

गेले काही दिवस छळणारा बग आज सापडला, आणि मला तो फार आवडला.

फाउंड्रीतली तक्रार होती: स्टोअरकीपर काम झाल्याची खूण करतो, थोड्या वेळानं ते काम आपोआप उघडतं. रेझिनचे पिंप आले, खूण केली. दुपारी बघावं तर पिंप पुन्हा येणे बाकी. दोघंही एकमेकांवर चिडलेले. धाकट्यानं सर्व्हरच्या नोंदी उपसल्या. काही मिळेना. मग मी उद्यमनगरात गेले आणि दोघांचे फोन शेजारी शेजारी ठेवले.

सुपरवायझरांचा फोन दहा मिनिटं पुढे.

“ते मुद्दाम हाय,” ते म्हणाले. “शिफ्टला उशीर होऊ नये म्हणून. मनगटावरचं घड्याळ बी पुढंच असायचं आमचं.” फोनमधली आपोआप वेळ घेण्याची सोय त्यांनी बंद करून ठेवली होती.

आमचा नियम साधा होता: एकाच कामावर दोन बदल आले तर ज्याची वेळ नंतरची, तो खरा. सुपरवायझरांनी दहाला कामात काहीतरी दुरुस्त केलं, फोननं लिहिलं दहा वाजून दहा. स्टोअरकीपरनं दहा-पाचला खूण केली, फोननं लिहिलं दहा-पाच. सर्व्हरच्या मते सुपरवायझर नंतरचे, खूण पुसली गेली. दहा मिनिटं पुढे राहणारा माणूस दर वेळी जिंकतो, त्याला पत्ताही नसतो.

दादाचा चेहरा उजळला. यावरचा उतारा त्याला कॉलेजपासून पाठ आहे: लेस्ली लॅमपोर्टचा १९७८ चा निबंध. वेगवेगळ्या यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत, तेव्हा ती जुळवत बसू नका. फक्त कशाच्या आधी काय झालं तेवढं धरा. प्रत्येक फोननं एक आकडा ठेवायचा. काही केलं की एक वाढवायचा. दुसऱ्याकडून बदल आला की त्याचा आकडा आणि आपला यांतला मोठा घ्यायचा आणि त्यात एक मिळवायचा. मी तुझं काम पाहिलं आणि मग माझं केलं, तर माझा आकडा मोठाच येणार, मनगटावर कितीही वाजू देत. आणि दोघांनी एकमेकांचं न पाहताच केलं असेल तर? मग कुणाचं आधीचं हे ठरवायला काही आधारच नाही. तेही ओळखायचं तर प्रत्येक फोनचा आकडा वेगळा जपावा लागतो, आणि तसं दिसलं की दोन्ही बदल पडद्यावर ठेवून माणसाला विचारायचं.

मी ऐकता ऐकता हसायला लागले. जुलैत कुंभार गल्लीतून आणलेला रकाना आणि हा निबंध एकच गोष्ट सांगतायत. मूर्तिकारानं लॅमपोर्ट वाचलेला नाही एवढंच. दादाला ते सांगितलं तर म्हणाला, लॅमपोर्टला ट्युरिंग पुरस्कार मिळाला, २०१३ चा. मी म्हटलं, मूर्तिकाराला पुढच्या वर्षीच्या ऑर्डर मिळाल्यात.

१६ सप्टेंबर, मंगळवार

रात्री झोप नाही. आयकर विवरणाची मुदत यंदा ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर नेली होती, मे महिन्यातच तसं जाहीर झालं होतं. काल १५. सीएच्या ऑफिसातली मुलं दिवसभर पोर्टलशी झगडत होती. त्यांच्या याद्यांतली शेवटची कामं रात्री अकरापर्यंत मिटत होती. मग मध्यरात्रीच्या सुमारास बातमी आली: मुदत एक दिवसानं वाढवली, १६. आणि पोर्टल रात्री बारा ते अडीच देखभालीसाठी बंद.

सगळ्यांच्या याद्या एका फटक्यात थकीत झाल्या, आणि खरं तर एकही काम थकीत नव्हतं. मॅडमचा, म्हणजे त्या ऑफिसच्या मुख्य सीएंचा, साडेबाराला मेसेज: ‘सगळ्या क्लायंटची तारीख एकदम बदलता येते का?’ येत नव्हती. एकेक उघडून बदलायची. मुलांनी तसं केलं नाही, कागद घेतला.

आजवर मला वाटत होतं की तारखेवर चालणारी माणसं आणि अटीवर चालणारी माणसं वेगळी. सीएचं ऑफिस म्हणजे तारखांचं माहेरघर: सातला टीडीएस, अकराला जीएसटीचं पहिलं विवरण, वीसला त्याचंच थ्रीबी. पण त्यांचीही तारीख कुणीतरी दिल्लीत हलवतं.

२९ सप्टेंबर, सोमवार

‘कशानंतर?’ आज गेलं. आधी पाच टक्के लोकांना. दुपारी स्टोअरकीपरचा फोन: ‘भट्टी दुरुस्त झाली’ या अटीवर खूण केली तशी टांगलेली सगळी कामं एकदम वाजली. भट्टी पेटल्यापेक्षा जास्त आवाज फोनचा. रोलआऊट थांबवला. ज्यांच्याकडे पोचलंय त्यांच्याकडून परत घेता येत नाही. आवृत्तीचा पुढचा आकडा लावून दुरुस्त केलेलं पाठवायचं, एवढाच मार्ग. आता कितीही कामं सुटली तरी एकच सूचना: ‘भट्टी दुरुस्त झाली. आता करता येण्यासारखी कामं बघा.’

काकांना फाइल बाहेर काढायची सोय मिळाली. त्यांनी ती वापरून सोसायटीची सगळी यादी छापली आणि नोटीस बोर्डावर लावली.

८ ऑक्टोबर, बुधवार

मामांच्या यादीत ‘गिऱ्हाईक’ शोधलं की निम्मीच कामं दिसतात. मामा एका कीबोर्डवर लिहितात, त्यांचा मुलगा दुसऱ्या. एक कीबोर्ड ऱ ला हलन्त लावतो. दुसरा साध्या र ला हलन्त लावून पुढे न दिसणारं एक जोडचिन्ह घालतो. डोळ्याला दोन्ही अक्षरं सारखीच, यंत्राला दोन वेगळी. युनिकोडही ही दोन रूपं एक मानत नाही. शोधण्यापुरती दोन्ही एकच धरायची, असं धाकट्यानं तासाभरात केलं. दुपारी ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कोऱ्या’ असे शब्द शोधून बघितले. चालतंय.

वर्गणीही सुरू झाली. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे कापायच्या चोवीस तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. आमच्या आठवणी वाजोत न वाजोत, ही एक मात्र चुकत नाही. ती आली की काही लोक लगेच वर्गणी बंद करतात.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. बारालाच बंद करून जायचं ठरलं होतं.

बातमी आली: सप्टेंबरच्या थ्रीबीची मुदत २० वरून २५ ऑक्टोबर, मधे दिवाळी म्हणून. मॅडमनी सप्टेंबरच्या त्या रात्रीनंतर सगळे क्लायंट एकाच अटीला टांगले होते, ‘सप्टेंबर थ्रीबी’. आज त्यांनी त्या एका अटीची तारीख बदलली आणि सगळ्यांची बदलली. फोनवर खूश होत्या. मग म्हणाल्या, हे आम्ही कशाला करायचं, सरकारनं मुदत वाढवली की तुम्हीच सगळ्या ऑफिसांना बदलून द्या.

दादा नाही म्हणाला. सरकारी अधिसूचना वाचून लोकांच्या याद्यांत तारखा घालायच्या, आणि एखादी चुकली तर क्लायंटला दिवसाला पन्नास रुपये विलंब शुल्क. तिथीला जे उत्तर दिलं तेच इथं: आम्ही सुचवू, पक्कं तुम्ही करा.

“ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या. “मग दुसरं करा. माझ्या मुलांना पंचवीस दिसू दे. क्लायंटना वीसच दाखवा.”

“का?”

“पंचवीस कळलं तर चोवीसच्या रात्री बिलं पाठवतात.”

धाकट्यानं बोटांवर हिशेब केला: म्हणजे एका कामाला दोन तारखा. गडहिंग्लजची मुलगी बॅग भरून उभी होती. तिनं विचारलं, क्लायंटनं वर्तमानपत्र वाचलं तर? मॅडमना तेही विचारलं. त्या म्हणाल्या, वाचतात, आणि मग मलाच फोन करून सांगतात.

दादानं वहीत लिहून घेतलं: एका कामाला दोन तारखा, बघणाऱ्याप्रमाणे. त्याखाली: टेबल बदलावं लागेल, पाडवा झाला की.